पदराच्या गाठीतली चाबी

५ जानेवारी

पियुषने आज गाडी आणून दारात उभी केली. त्याने स्वतःसाठी मोठी घेतली आणि ही आम्हाला दिली. कोरपन्याहून येताना रस्त्यात धुऊनसुद्धा आणली. पांढरी आहे, आतून थंड आहे, आणि मुख्य म्हणजे हिला चाबी लावावी लागत नाही. साबणाच्या वडीएवढा काळा रिमोट आहे, तो नुसता खिशात ठेवायचा. आपण जवळ गेलो की दार उघडतं. आत बसून ब्रेकवर पाय ठेवायचा आणि बटण दाबायचं. क्लच नाही, गिअरची खडखड नाही. पियुष म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठीच घेतली असं समजा. छातीवर जोर नाई पडाले पायजे."

छातीचा विषय त्याने काढायला नको होता. गेल्या वर्षी नागपूरला हृदयाच्या नळीत जाळी बसवली, झालं गेलं. पण या घरात कुठलाही विषय निघाला तरी फिरून माझ्या छातीवरच येतो.

जुनी व्हॅन भंगारवाला घेऊन गेला. मला वाईट वाटेल असं रंभाला वाटत होतं. खरं सांगायचं तर नाही वाटलं. तिची चाबी झिजून झिजून इतकी गुळगुळीत झाली होती, की मच्छीमार संस्थेतल्या पत्रूच्या आलमारीच्या चाबीनेही व्हॅन सुरू व्हायची. आणि माझी चाबी कोणाच्याही व्हॅनला लागायची. एकदा चामोर्शीच्या बाजारातून मी दुसऱ्याचीच गाडी घरी घेऊन आलो होतो. मागे कोंबड्या ओरडल्या तेव्हा लक्षात आलं. तो कोंबडीवाला अजूनही बाजारात मला पाहिलं की आधी आपली गाडी कुठे उभी आहे ते पाहतो.

७ जानेवारी

आज कोणाला न विचारता तळ्यावर जाऊन आलो. हे वाक्य लिहायलाही मजा वाटते.

आमच्या घरची एक जुनी रीत आहे. बाबा डोंगा घेऊन वैनगंगेवर जायचे तेव्हा कोपऱ्यातलं वल्हं स्वतः उचलायचे नाहीत. आई ते हातात द्यायची आणि देताना तीन प्रश्न विचारायची. कुठी, कवा येता, खाल्लं काय. डोंगा गेला, व्हॅन आली, पण रंभाने ती रीत जशीच्या तशी उचलली. व्हॅनची चाबी तिच्या पदराच्या गाठीत. मी मागायची, तिने गाठ सोडायला घ्यायची, आणि गाठ सुटेपर्यंत माझी उलटतपासणी. छातीचं झाल्यापासून 'खाल्लं काय' गेलं आणि 'गोळी घेतली काय' आलं. वर चाबी देताना माझ्या तोंडाकडे अशी पाहत राहायची, की जणू मी कोणी परगावचा आहे आणि रस्ता चुकून दारात आलोय. मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून मी भल्याभल्यांच्या सभा गुंडाळल्या, पण या बाईसमोर रोज हजेरी लावावी लागायची.

आता रिमोट माझ्या खिशात. रंभा अंगणात धान वाळत घालत होती. तिने मान वर केली तोवर मी वळणापलीकडे पोहोचलो होतो.

११ जानेवारी

ही गाडी टोकते फार. पट्टा लावला नाही की टिंग टिंग. दार नीट लागलं नाही की टिंग टिंग. मागे घेताना तर पाठीशी कोणी भांडी वाजवत असल्यासारखं. समोरच्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं. ते वाचायला जवळचा चष्मा लागतो, आणि गाडी चालवताना तो लावता येत नाही. पियुषला विचारलं तर म्हणाला, सगळं वाचत जा. मी ठरवलं, वाजलं तर वाजू द्यावं. सासू घरात असली की माणूस जसा ऐकून न ऐकल्यासारखं करतो, तसं.

रंभाला फिरवून आणलं. तिने बटणाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "अन् चाबीचं भोक कुठी आहे?" मी सांगितलं, नाही.  ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

१८ जानेवारी

चामोर्शीच्या बाजारात गेलो होतो. तिथे जुने संचालक भेटले, चहा झाला, बसलो, उशीर झाला. घरी आलो तर दोन वाजून गेलेले, आणि रंभा न जेवता दारातल्या दगडावर बसलेली. म्हटलं, जेवून घ्यायचं होतंस. म्हणाली, भूक नव्हती. मी हातपाय धुऊन येईपर्यंत मात्र दोन ताटं वाढून तयार, आणि म्हणते, "आता लागली भूक."

तिचं पोट बरं नसावं. अलीकडे रोजच असं करते. दवाखान्यात दाखवायला हवं, पण माझं ऐकेल तर ना.

२५ जानेवारी

पियुषचा फोन आला होता. शहरात म्हणे अशा गाड्यांचे नवे चोर निघालेत. कुलूप फोडत नाहीत, काच फोडत नाहीत. घराच्या भिंतीबाहेर उभं राहून आतल्या रिमोटचा सिग्नल पकडतात आणि गाडी घेऊन जातात. म्हणून घरी आल्यावर रिमोट स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा म्हणाला. मी हसलो. आमच्या गावात भिंतीबाहेर कोणी उभं राहिलं तर पहिल्यांदा सोमारीबाईचा कुत्रा उठतो, मग सोमारीबाई उठते, मग चोराची सात पिढ्यांची चौकशी होते.

रंभाला मात्र ही गोष्ट फार आवडली. फोन ठेवायच्या आत तिने पोळ्यांचा जुना डबा घासून आणला. "द्या तो इकडं. मी ठेवतो म्हणजे ठेवतो." डबा तिच्या ताब्यात म्हणजे पुन्हा हजेरी सुरू, हे न कळायला मी काय दुधखुळा आहे? रिमोट सदऱ्याच्या खिशात घालून झोपलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

३ फेब्रुवारी

आज एक गंमत झाली. सकाळी गाडीत बसलो तर आरशाला लाल फडक्याची पुरचुंडी लटकलेली. दृष्ट लागू नये म्हणून रंभाने बिब्बा-मिरची बांधली असणार. मी तिला म्हटलं, या गाडीत कॉम्प्युटर आहे, त्याला कशाची दृष्ट लागते? ती म्हणाली, "राहू द्या. काढाची नाई. उगाच गाठ सोडाची नाई." मग म्हटलं राहू दे, लटकते तर लटको. काल ती मेडिकलमध्ये गेली होती. तिच्या पोटासाठी काही आणलं असेल, विचारायचं राहून गेलं.

तळ्याची पाळ चढताना थोडा दम लागला. वय झालं, दुसरं काही नाही.

१२ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही. काल-परवा संध्याकाळची गोळी राहिली. पूर्वी कोणीतरी आठवण करायचं. आता मी केव्हा निघतो, केव्हा येतो हेच घरात कोणाला ठाऊक नसतं, तर आठवण कोण करणार.

घर शांत झालंय. मला शांतता हवी होती, ती मिळाली. तरी आज निघताना उगाचच दारात थांबलो आणि दोनदा खाकरलो. रंभा चुलीशी होती, तिला ऐकू गेलं नसावं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. मार्कंड्याच्या जत्रेत आज मुंगीला पाय ठेवायला जागा नसणार, म्हणून उद्या जायचं ठरलं. रंभाची बहीण गोकुळा तिथलीच, तिच्याकडे थांबता येतं. पत्रूचाही फोन आला. त्याची माणसं सध्या रेगडीच्या जलाशयावर जाळी ओढून राहिली आहेत. म्हणतो, कतला हातभर निघून राह्यला भाऊ, पाहाले या. रंभाला हे सांगितलं नाही. सांगितलं तर ती जाऊ देणार नाही, आणि मी काही लहान मूल नाही.

२८ फेब्रुवारी

काल झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण गोकुळाचा नवरा, माझा साडभाऊ दसरू ते आपल्या पद्धतीने दोन गावांत सांगणार आहे.

सकाळी गाडी सुरू करून रंभाची वाट पाहत बसलो होतो. ती नवं लुगडं नेसून आली, शेजारी बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "रिमोट द्या इकडं. जत्रेत खिसे कापतेत." मी काढून दिला. विचारसुद्धा केला नाही. इतकी वर्षं व्हॅनची चाबी तिच्याकडे जायची, हात आपोआप गेला. तिने पदराच्या टोकात ठेवून पक्की गाठ मारली. तिच्या तोंडावर महिनाभरात पहिल्यांदा हसू दिसलं. मला वाटलं, जत्रेमुळे.

मार्कंड्याच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. रंभाला गोकुळाच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवलं आणि गाडी लावून येतो म्हटलं. ती उतरली, दार लावलं, आणि गाडी टिंग टिंग करू लागली. ही तर नेहमीच करते. पडद्यावर काही अक्षरं आली, ती वाचली नाहीत. गाडी लावायला जागा शोधायची ती बाजूला राहिली आणि मी चामोर्शीवरून सरळ घोटच्या रस्त्याला लागलो. दर्शनाची रांग लांब होती. तिचं दर्शन होईतो रेगडी पाहून परत येऊ, असा हिशेब.

घोट सोडलं की जंगल लागतं. पळस फुलला होता. मन इतकं मोकळं झालं होतं, की मी चक्क शीळ घालत होतो. मग हळूहळू छातीवर कोणी पाट ठेवून बसल्यासारखं झालं. आदल्या दिवशीच्या उपासाची साबुदाण्याची उसळ जड गेली असेल, असं म्हटलं. गाडीत थंड हवा असून घाम आला. डावा हात जड झाला, तेव्हा एका मोहाच्या झाडाखाली गाडी घेतली आणि बटण दाबून बंद केली. जरा बसलो. बरं वाटल्यासारखं झालं, म्हणून पुन्हा बटण दाबलं.

गाडी सुरू होईना. दोनदा दाबलं, दहादा दाबलं. जवळचा चष्मा लावून पडद्यावरचं वाचलं. चाबी सापडत नाही, असं लिहिलं होतं. खिसा चाचपला आणि मग मला रंभाच्या पदराची गाठ आठवली. गाडी शहाणी, एकदा सुरू झाली की चाबी उतरून गेली तरी चालत राहते. नुसती टिंग टिंग करून सांगते की बाबा, तुझं माणूस मागे राहिलं. आणि एकदा बंद केली की संपलं. व्हॅन असती तर चमच्यानेही सुरू केली असती. भिंतीबाहेरून चोराला सुरू होणारी गाडी आत बसलेल्या मालकाला सुरू होत नव्हती, याचं मला हसू आलं. हसल्यावर छातीत कळ आली.

मोबाइलला रेंज नव्हती. जिभेखालची गोळी आदल्या दिवशीच्या सदऱ्यात राहिली होती. एक ट्रॅक्टर गेला. त्याने हळू करून विचारलं, काय झालं भाऊ. मी म्हटलं, काही नाही, हवा खाऊन राह्यलो. तो गेला. असं का म्हटलं, ते मला अजून कळलेलं नाही. मत्स्यसंस्थेचा माजी सचिव बिनचाबीच्या गाडीत अडकला, हे गावात जायला नको, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

मग कळ वाढली. डोळ्यांसमोर ती लाल पुरचुंडी हलत होती. आता देवाचं तरी हातात धरावं म्हणून ओढून काढली आणि गाठ सोडली. आत बिब्बा नव्हता, मिरची नव्हती. जिभेखालच्या गोळ्यांची पट्टी होती आणि गुळाचा एक खडा होता. मी गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटून बसलो. रंभा त्या दिवशी मेडिकलमध्ये कशासाठी गेली होती, ते मला तिथे मोहाखाली कळलं. खूप लाज वाटली आणि तिची इतकी आठवण आली, की गोळीमुळे की कशामुळे ते सांगता येणार नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं.

कळ ओसरली. किती वेळ बसलो ते आठवत नाही. मग घोटकडून मोटारसायकलचा आवाज आला. दसरू चालवत होता आणि मागे रंभा बसलेली, नव्या लुगड्यावर वीतभर धूळ. मोटारसायकल पुरती थांबायच्या आत ती उतरली. गाडीकडे पाहिलं नाही, दसरूकडे पाहिलं नाही. माझ्यासमोर उभी राहून माझं तोंड पाहत राहिली. कपाळाला हात लावला, मग माझ्या हातातली उघडी पुरचुंडी पाहिली, आणि खाली मातीतच बसली.

मी विचारलं, मी इथे आहे हे तुला कसं समजलं. म्हणाली, "तुमचं मन कुठी जाते ते मले मालूम आहे. पाण्याकडं. पत्रूभाऊले फोन केला, तो म्हणे मीच बलावलं होतं."

मला काहीतरी बोलायचं होतं आणि भलतंच बोललो. म्हटलं, चाबीसाठी एवढी रुसली होतीस, आता तुझ्याकडेच होती ना. त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"चाबी माह्या काय कामाची? मले काय गाडी चालवता येते? तुमी मागाले यायचे, तवा मले तुमचं तोंड दिसे. पिवळं पडलं काय, घाम आला काय, ओठ कोरडे हायेत काय. समजे, आज जाऊ द्याव का नाई. आता तुमी बटन दाबता अन् जाता. मले नुसती पाठ दिसते."

दसरू मोटारसायकलचा आरसा पुसत राहिला. तो आधीच स्वच्छ होता. 

दसरूने गाडी चालवली. रंभा मागे माझ्याजवळ बसली, आणि तिच्या पदरात रिमोट होता म्हणून गाडी निमूट सुरू झाली. मोटारसायकल पत्रूची माणसं नंतर आणून देणार. चामोर्शीच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर गोळी ठेवली म्हणून निभावलं. मग विचारलं, रोजच्या गोळ्या चुकतात का. मी रंभाकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं.

४ मार्च

पियुष फोनवर रागावला. मी लहान असताना माझे वडील रागवायचे, अगदी तसा. म्हणाला, रविवारी येतो आणि गाडी घेऊन जातो, तुमच्याकडे ठेवायची नाही.  खरं तर गाडी गेली असती तर मला चाललं असतं. चूक गाडीची नव्हती, पण तिच्यात बसायचं मन होत नव्हतं.

रंभाने फोन माझ्या हातातून घेतला. "गाडी इथीच राहीन. परवा गाडी बंद पडली, ते जाऊ दे. माणूस बंद पडला असता तं? दसरूभाऊ काय रोज राहीन काय माह्या दारात? मले शिकाची आहे."   पलीकडे पियुष हसायला लागला आणि मला राग आला. यात हसण्यासारखं काय आहे?

तरी मी तिला म्हटलं, या वयात? ती म्हणाली, बटनच तर दाबाचं हाय.

१९ मार्च

शिकाऊ लायसन्स आलं. धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांच्या कडेला, संस्थेच्या मैदानावर शिकवणी चालते. आपण शिकवतोय असं मला वाटत होतं. पण ही बाई वैनगंगेच्या काठची. लग्नाआधी वडिलांचा डोंगा या काठावरून त्या काठावर घेऊन जायची. नजर बॉनेटवर ठेवत नाही, लांब ठेवते. गाडी वळवायच्या आधी तिचा खांदा वळतो. टिंग टिंग झालं की लगेच थांबते आणि मला विचारते, हे काय म्हणून राह्यलं, वाचा. मी चष्मा लावून वाचतो.

आज मात्र ती शेणखताच्या उकिरड्यात घुसली. मी ओरडलो. ती उतरली, रिमोट पदरात बांधला आणि घरी निघून गेली. मी गाडीत. बटण दाबून पाहिलं, अर्थातच नाही. शेवटी पायी घरी गेलो आणि दारात उभं राहून मागितला. तिने गाठ सोडायला घेतली आणि विचारलं, "वरडान काय पुन्हा?" मी म्हटलं, नाही. मग दिला.

४ एप्रिल

घरात नवा नियम झाला आहे. तो कोणी केला ते स्पष्ट नाही. जो घरी राहील त्याच्याकडे रिमोट, जाणाऱ्याने मागायचा. रात्री तो पोळ्यांच्या डब्यात जातो, म्हणजे पियुषही खूश. बिनचाबीची गाडी घेऊन आम्ही फिरून पुन्हा चाबी मागायच्या गाडीवर आलो. पियुषला सांगितलं तर म्हणाला, मग व्हॅन काय वाईट होती. त्याला काय समजतं.

आज मी तळ्यावर निघालो तेव्हा मागायला गेलो. कुठी, कवा येता, गोळी घेतली काय. तिने तोंडाकडे पाहिलं. मीही तोंड नीट समोर धरलं, तिला पाहू दिलं. पहिल्यांदा लक्षात आलं, की याला फार तर एक मिनिट लागतं.

२२ मे

रंभाचं पक्कं लायसन्स येऊन आठवडा झाला. आज ती एकटी मार्कंड्याला गेली, गोकुळाकडे. मीही येतो म्हटलं होतं. म्हणाली, तुमी बाजूला बसले का टोकता, मले गाडीचंच टोकणं पुरे.

मी पडवीत पेपर वाचत होतो. ती समोर येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. "चाबी द्या." रिमोट माझ्या खिशात होता. काढायला हात घातला आणि तोंडातून निघून गेलं, "कुठी?"

तिला माहीत होतं की मला माहीत आहे. तरी तिने सांगितलं, गोकुळाकडं. मी विचारलं, कवा येतेस. म्हणाली, उन्हं कलली का निघतो. मग तिसरं. गोळ्या तर ती घेत नाही. माझ्या आईचा जुना प्रश्न होता, तो आला. "खाल्लं काय?"

"खाल्लं," ती म्हणाली.

रिमोट देताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळावर थोडा घाम होता, तो भीतीचा असावा. डाव्या भुवईशी एक पांढरा केस आहे, तो केव्हा आला कोण जाणे. खालचा ओठ दातात धरला होता. लग्नात अक्षता पडताना असाच धरला होता, ते आठवलं. या बाईला मी इतकी वर्षं रोज पाहतो असं समजत होतो. तीच मला पाहत होती. मी आपला चाबी घेऊन निघून जायचो.

म्हटलं, हळू जाजो. ती हसली आणि गेली. टिंग टिंग झालं, पट्टा लावला, थांबलं. गाडी वळणावर गेली, धूळ उठली, धूळ बसली. मी दारातल्या दगडावर बसलो होतो, तिथून उठायचं मन होईना. सोमारीबाई कुत्र्याला घेऊन जाताना म्हणाली, काऊन भाऊ, उन्हात काऊन बसले. मी म्हटलं, हवा खाऊन राह्यलो.

रंभाने भात आणि मासोळीचा रस्सा झाकून ठेवला आहे. दोनदा झाकण काढून पाहिलं. भूक नाही. सकाळी चहा दोनदा झाला, तोच जड गेला असणार. दुसरं काही नाही.

उन्हं कलून गेली. अजून नाही. फोन करावा तर ती गाडी चालवत असेल, चालवताना फोन उचलायचा नाही हे मीच शिकवलं आहे. पोहोचल्यावर गोकुळाने कळवलं होतं, तेवढंच. हे लिहीत बसलोय ते हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

वळणावर हॉर्न वाजला. लांब एक, छोटे दोन. तिचाच आहे.

दोन ताटं घेतो. आता लागली भूक.